ब्राह्मणपुरीत शिकलेलं एक वाक्य

शहाद्याहून खेतियाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. मागे सातपुड्याची निळी रेघ. या रस्त्यावरच्या ब्राह्मणपुरीला आमची खाला राहते. दर सुटीत आम्ही चार दिवस तिच्याकडे जातो. यंदा भाचीही सोबत होती. तिने मोबाईलवर स्पॅनिश शिकायला घेतलं आहे, त्यामुळे एस.टी.त बसल्यापासून तिचा एकच घोष चालला होता : 'मे गुस्ता कोनोसेर खेन्ते नुएवा.' म्हणजे, मला नव्या लोकांची ओळख करून घ्यायला आवडतं.

'खेन्ते' म्हणजे लोक. त्यातला 'ख' घशातून येतो, उर्दूतल्या 'खे'सारखा. 'खबर', 'खैरियत' म्हणत वाढलेल्या मुलांना तो शिकवावा लागत नाही. गंमत 'कोनोसेर'ची. जाणण्यासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. पत्ता, बातमी, हिशेब माहीत असणं ते 'साबेर'. माणसाशी किंवा गावाशी ओळख असणं ते 'कोनोसेर'. आपणही 'माहीत आहे' आणि 'ओळखतो' यांत फरक करतोच की.

संध्याकाळी ओट्यावर भाची मोठ्याने म्हणाली, "ओखाला!"

"काय गं?" खाला आतून धावत आली.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. 'ओखाला' म्हणजे 'असं व्हावं' अशी इच्छा. हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, त्याच्या मुळाशी 'अल्लाहने चाहिलं तर' आहे. इ.स. 711 ते 1492 या काळात स्पेनमध्ये मुस्लिम सत्ता होत्या. तेलाचा 'असेइते' हा शब्द अरबी 'अज़्ज़ैत'वरून आणि साखरेचा 'असूकार' 'अस्सुक्कर'वरून आला, तो तेव्हाचाच. खालाला हे ऐकून फार बरं वाटलं. मग तिने त्या पहिल्या वाक्याचा अर्थ विचारला. ऐकून घेतला आणि म्हणाली, "बारा वर्षं येताय तुम्ही. समोरच्या घरातल्या आजीचं नाव सांगा बरं."

आम्ही गप्प. त्यांची पपई आहे, मुलगा सुरतेला असतो, म्हैस नुकतीच व्यालेली आहे, एवढं सगळं माहीत होतं. म्हणजे 'साबेर' भरपूर, 'कोनोसेर' शून्य. खाला तिथेच थांबली नाही. सूरह हुजुरातची तेरावी आयत कोणती, म्हणून तिने आम्हालाच विचारलं. कौमा आणि कबिले कशासाठी बनवले, तर एकमेकांना ओळखावं म्हणून. मदरशात पाठ केलेलं होतं. पण त्या ओट्यावर ते जरा टोचलं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी अस्रनंतर आम्ही समोर गेलो. संकोच आमचाच होता. आजींनी खाट टाकली आणि भाचीला विचारलं, "तुमनं नाव काय शे?" भाची आमच्याकडे बघत राहिली. एवढं स्पॅनिश येतं, पण अहिराणीतला 'शे' अडला! 'शे' म्हणजे 'आहे', हे आजींनीच समजावलं आणि तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग चहा आला. आमच्या अम्मी लग्नाआधी इथे यायच्या तेव्हाच्या आठवणी निघाल्या. त्या आम्हालाही ठाऊक नव्हत्या. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली आणि त्यांना अशी ओळखणारी बाई इतकी वर्षं समोरच्याच दारात होती.

निघताना आजींनी दोन पपया दिल्या. एक कच्ची होती, ती कागदात गुंडाळून ठेवायला सांगितली. परतीच्या गाडीत भाचीने वहीत स्पॅनिश वाक्याखाली 'तुमनं नाव काय शे' लिहिलं आणि त्याखाली आजींचं नाव.