लांडगा कोण ठरवतो?



कॉम्प्युटरवरचा गेम आणि जातिअंताची चळवळ यांचा काय संबंध, असं आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील. पोरं रात्ररात्र गेम खेळतात, वाचत नाहीत, ही तक्रार आम्ही प्रत्येक बैठकीत ऐकतो. तक्रार खोटी नाही. पण ज्या गोष्टीत आपली पोरं रोजचे दोन-चार तास घालवतात, ती गोष्ट त्यांना माणसाबद्दल काय शिकवते हे तपासायचं नाही, तर कार्यकर्त्यानं तपासायचं तरी काय? कीर्तन तपासलं, पोथी तपासली, सिनेमा तपासला. आता गेमही तपासू.

आम्ही बोलणार आहोत ते एका जुन्या गेमबद्दल. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीनं २००२ साली 'द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड' हा गेम काढला. त्याला जोडून २००३ साली 'ब्लडमून' नावाचा वाढीव भाग आला. मूळ गेम राख, दलदल आणि ज्वालामुखीच्या मुलखातला. ब्लडमून मात्र उत्तरेकडच्या सोल्स्टहाइम नावाच्या बर्फाळ बेटावरचा. तिथं सतत हिमवर्षाव, वादळ, पाइनची जंगलं आणि त्या जंगलात माणसाचे झालेले लांडगे.

जालन्यात हा गेम आम्ही खेळलो तो मित्राच्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर, कॉपी केलेल्या सीडीवरून. बाहेर बेचाळीस डिग्री, त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की गेम जिथं सेव्ह केला असेल तिथून पुन्हा सुरू. बर्फ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं गोळेवाल्याची गाडी यायची, नाहीतर गारपीट. २०१८ च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात गारांनी गहू-हरभरा झोपवला, तो आमचा बर्फ. पण त्या परक्या बर्फात आम्हाला एक फार ओळखीची गोष्ट सापडली.

मॉरोविंडमध्ये शिरताना पहिल्यांदा स्वतःचा वंश निवडावा लागतो. दहा वंश आहेत. वंश निवडला की अंगातलं बळ, बुद्धी, कसब यांचे सुरुवातीचे आकडे ठरतात. समोरचा माणूस गोड बोलेल की तुसडेपणानं, तेही बऱ्याच अंशी त्यावरच. यातले दोन वंश 'पशुवंश' समजले जातात. खजीत मांजरासारखे दिसतात, आर्गोनियन सरड्यासारखे. त्या देशात याच लोकांना गुलाम करून मळ्यांवर आणि खाणींत राबवतात. या दोन वंशांना गेममध्ये पायात बूट घालता येत नाहीत. कारण काय, तर म्हणे त्यांच्या पायांची घडणच वेगळी! चपला काढून हातात घेऊन पाटलाच्या वाड्यासमोरून गेलेल्या आज्या-आजोबांची आम्ही नातवंडं. आम्हाला ही गंमत वाटली नाही. पण याच गेममध्ये गुलामांना सोडवणारी एक गुप्त संघटनाही आहे आणि खेळणाऱ्याला तिच्या बाजूनं उभं राहता येतं, हेही सांगितलं पाहिजे.

गेममध्ये जन्म निवडता येतो. नाही आवडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. आपल्याकडं जन्म निवडता येत नाही आणि पुन्हा सुरू करण्याची सोयही नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी व्यवस्थेचे नियमच बदलायला घेतले.

आता ब्लडमूनमधल्या लांडग्याकडे येऊ. इथला लांडगा जन्मानं लांडगा नसतो. नरलांडग्याशी झटापट झाली की रोग लागू शकतो. तीन दिवसांत औषध घेतलं तर माणूस बरा होतो. नाही घेतलं तर रात्र झाली की तो लांडगा होतो. लांडगा झाल्यावर हत्यार धरता येत नाही, मंत्र म्हणता येत नाही, आणि कुणाशी बोलताही येत नाही. तोंड उघडलं तर गुरगुर. मी निर्दोष आहे, असं सांगायला शब्दच नाहीत.

यापेक्षा भयंकर एक नियम आहे. रूप बदलताना कुणी पाहिलं तर तुम्ही कायमचे 'माहीत असलेले लांडगे' होता. मग दिवसाढवळ्या, माणसाच्या रूपात, रिकाम्या हातांनी गावात गेलात तरी लोक तुमच्यावर धावून येतात. तुम्ही आज काय केलं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या टोळक्यात पारधी समाजातला एक मित्र होता. त्याचं नाव लिहीत नाही. स्वतः खेळण्यापेक्षा आमच्या पाठीमागं बसून बघणं त्याला आवडायचं. हा प्रकार पाहून त्यानं एवढंच विचारलं, "आता तर माणूस आहे ना हा? मग आता का मारतेत?" आम्ही म्हणालो, नियमच तसा आहे. तो म्हणाला, "मग हा गेम आमच्याच तांड्यावर बनवलाय." सगळे हसले. त्यानंतर काही महिन्यांनी जवळच्या एका गावात चोरी झाली आणि पहिली गाडी त्याच्या पालावर आली. त्या रात्री तो आमच्यासोबत जालन्यात होता. तरी त्याला तीन दिवस बसवून ठेवलं. ठाण्याचं नावही इथं लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. पुढं चोर दुसरेच निघाले. मित्राला कुणी सॉरी म्हटलं नाही. त्याची परीक्षा मात्र बुडाली.

नरलांडगा ही कल्पनेतली गोष्ट आहे, असं आपण समजतो. पण ती कायद्याच्या वहीतून निघालेली गोष्टही आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'वार्ग' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते : लांडगा, आणि समाजाबाहेर हाकललेला माणूस. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कायद्याबाहेर टाकलेल्या माणसाला 'लांडग्याचं डोकं' म्हणत. म्हणजे लांडगा जसा दिसेल तिथं मारायला मोकळीक, तसाच हा माणूस. १५८९ साली जर्मनीतल्या बेडबुर्ग गावी पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला नरलांडगा ठरवून हाल हाल करून मारलं. आधी शिक्का मारायचा, मग जनावर म्हणायचं, मग मारायचं. क्रम हाच.

फरक एवढाच की तिकडं हा शिक्का एकेका माणसावर बसायचा. आपल्याकडं तो अख्ख्या जमातीवर, पोटातल्या लेकरासकट बसला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवली. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. या कायद्यामागचा युक्तिवाद नीट ऐका. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तर मग गुन्हेगाराची पण जात असणारच! म्हणजे कायदा इंग्रजांचा असला तरी त्याचा पाया मनूचा होता. १९११ साली हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करण्याची सोय झाली. आपला जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पण शिक्क्याला संस्थानाची हद्द नसते.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला. या जमातींवरचा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण एक वही बंद झाली आणि दुसरी उघडली. ठिकठिकाणी सराईत गुन्हेगार कायदे आले. मुंबई राज्यात १९५९ साली आला. कागदावर जमातीचं नाव गेलं, नजरेतून गेलं नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० साली हे कायदे रद्द करा म्हणून सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला, तेव्हाही विमुक्त जमातींना सरसकट सराईत गुन्हेगार समजण्यावर कोरडे ओढले. बहात्तर वर्षं झाली तरी न्यायालयाला हे सांगावं लागतं, याचा अर्थ काय?

अर्थ राईनपाड्यानं सांगितला. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. दिवस होता, बाजार भरला होता, ते माणसाच्याच रूपात होते. कुणी त्यांना लांडगा होताना पाहिलं नव्हतं. तरी ते 'माहीत असलेले लांडगे' होते.

आणि शब्दाचा खेळ बघा. पारध म्हणजे शिकार. ज्यांच्या नावातच शिकार आहे, त्यांचं रान गेलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही बंद झाली, आणि आता त्यांचीच पारध सुरू आहे.

ब्लडमूनमध्ये स्काल नावाच्या लोकांचं एक गाव आहे. तिथं एका माणसावर कातडी चोरल्याचा आळ येतो. शिक्षा जिवावरची. तपास खेळणाऱ्याकडे येतो. घाईनं निकाल दिला तर निर्दोष माणूस मरेल, अशी रचना आहे. दोन्ही बाजू ऐकल्या, घरं तपासली, की कळतं : आळ घेणाऱ्याचाच आरोपीच्या बायकोवर डोळा होता आणि त्यानंच बनाव रचला. आधी पुरावा, मग निकाल. एका करमणुकीच्या खेळाला जे कळतं, ते आपल्याकडं पालावर गाडी घेऊन जाणाऱ्याला कळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट शेवटी येते. हरसीन नावाचा शिकारीचा देव चार बळकट शिकारी निवडून आपल्या बर्फाच्या किल्ल्यात आणतो. त्यातला एक असतो याच स्काल गावाचा प्रमुख, थार्स्टन. तोच गावाचा न्याय करणारा, तोच खेळणाऱ्याची परीक्षा घेणारा. आणि शेवटी रूप बदलतो तेव्हा दिसतं की तो स्वतःच नरलांडगा आहे!

आम्हाला हा गेम कायमचा लक्षात राहिला तो या जागेमुळं. लांडगा गावकुसाबाहेर शोधत होतो, तो चावडीवर बसला होता. हजारो वर्षं माणसांचे लचके कुणी तोडले? वेठबिगार कुणी घेतली? पाण्याला बंदी कुणी केली? त्यांच्यावर कधी हजेरी लागली नाही. ज्यांनी शिक्के बनवले, त्यांच्या कपाळावर शिक्का नसतो.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच हिशेब मांडला. सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिवासी आणि पाच कोटी अस्पृश्य अशी माणसं या संस्कृतीनं निर्माण केली. मग तिला संस्कृती म्हणावं तरी कसं, असा त्यांचा सवाल होता. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी तिघांची नावं एकाच दमात घेतली. मग आपण ती वेगळी का करावीत? बौद्ध वस्तीत चोरी झाली तर तिथंही पहिली कुजबुज पालाकडेच वळणार असेल, तर आपण बाबासाहेबांची ती प्रस्तावना अजून वाचलेली नाही, असं म्हणावं लागेल. अॅट्रॉसिटीची केस असो की पोलीस ठाण्याबाहेरचं ठिय्या आंदोलन, पारधी-कैकाडी-डवरी गोसावी बांधवांसाठी आपण पहिले उभे राहिलो पाहिजे.

लांडग्याला बोलता येत नाही, हे वर सांगितलं. म्हणून 'उपरा' आणि 'उचल्या' यांचं मोल मोठं. १९८० साली लक्ष्मण माने आणि १९८७ साली लक्ष्मण गायकवाड बोलले, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की ज्याला आपण गुरगुर समजत होतो ती मराठी भाषा आहे, आणि आपल्यापेक्षा जास्त खरी आहे. साहित्य अकादमीलाही दोन्ही पुस्तकांचा गौरव करावा लागला.

आता राहिला प्रश्न पोरांच्या गेमचा. पोरांना गेम सोडा म्हणून सांगू नका, ते सोडणार नाहीत. त्यांना प्रश्न विचारायला शिकवा. या गोष्टीत राक्षस कोण आहे? त्याला राक्षस कुणी ठरवलं? त्याला बोलायची संधी आहे का? एवढे तीन प्रश्न डोक्यात ठेवून पोरगा खेळला तर तो पोथी वाचतानाही तेच विचारेल आणि मोबाइलवर आलेली अफवा पुढं पाठवतानाही थांबेल. राईनपाड्यात हे विचारणारे दहा जण असते तर कदाचित पाच जीव वाचले असते.

आणि जी पोरं आज कोडिंग शिकतायत, पुण्यात-हैदराबादेत नोकऱ्या करतायत, त्यांना आमचं वेगळं सांगणं आहे. बर्फातल्या लांडग्याची गोष्ट अमेरिकेत बसून कुणीतरी लिहिली आणि ती जालन्यापर्यंत आली. पालावरच्या पोराची गोष्ट जालन्यात बसून कुणी लिहायची? त्या गेममध्ये खेळणारा पारधी असेल. रात्री गाडी येईल. तो कुठंही गेला तरी लोक धावून येतील. खेळणाऱ्याला एकदा तरी कळू दे की तीन दिवसांत उतरणारं औषध त्याच्या हातात नाही, ते समोरच्यांच्या डोक्यात आहे.

जय भीम. जय संविधान.