परळच्या गल्लीतला ट्रॅक्टर

मुंबईत शेत नाही, पण ट्रॅक्टर आहेत. परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांतून रोज ये-जा करणाऱ्या वाचकांनी ते पाहिलेच असतील. रस्ता खोदायचे काम निघाले की पदपथाला लागून एक ट्रॅक्टर उभा राहतो. त्याच्या मागे नांगर नसतो, हवेचा कॉम्प्रेसर असतो. त्या कॉम्प्रेसरच्या नळीला ब्रेकर जोडून मजूर दिवसभर डांबर आणि काँक्रीट फोडतात. असा ट्रॅक्टर जुना झाला की ठेकेदार तो विकायला काढतो. गिऱ्हाईक मिळते ते बहुधा गावाकडचे.

गिरणगाव आणि गावाकडची शेती यांचे नाते जुने आहे. इथल्या पगारातून तिथे विहीर खोदली गेली, बैल घेतले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा हजारो कुटुंबांना त्याच गावाने भाकरी दिली. आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. तरीही चाळीतल्या माणसाला मृग जवळ आला की गावाकडच्या पेरणीची काळजी लागते ती लागतेच.

आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचे धाकटे भाऊ माण तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. बैलजोडी सांभाळणे परवडेना म्हणून त्यांनी ती विकली. ते पैसे, काकांच्या फंडातली शिल्लक आणि बहिणीने दिलेले थोडे, असे मिळून दोन लाख रुपये जमले. त्यातच परळच्या एका गल्लीत पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर विक्रीला असल्याचे कळले. मागणी दोन लाख दहा हजारांची होती. इसाराचे वीस हजार खिशात घालून भाऊ रात्रीच्या गाडीने निघाले आणि पहाटे दादरला उतरले. तीन घरांचा पैसा पणाला लागला होता. म्हणून आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते सोबत गेलो आणि लालबागच्या एका वयस्कर फिटरमामांनाही बरोबर घेतले. मामांची निम्मी हयात गिरणीत साच्यांचे आवाज ऐकण्यात गेलेली आणि पुढची डिझेल इंजिनांत.

नऊ वाजता आम्ही गल्लीत पोहोचलो. नवा लाल रंग, काळेभोर टायर, खोल नक्षी. भाऊ खूश झाले. मामांनी मात्र आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम होते. आम्ही येणार म्हणून सकाळीच चालू करून ठेवले होते. मामा म्हणाले, “गरम इंजिन कुणाचेही चालू होते. थंड होऊ द्या, आम्ही दुपारी येतो.” वाचकांनी ही पहिली गोष्ट गाठीला बांधावी.

मधल्या वेळात सुट्या भागांचे भाव काढावेत म्हणून आम्ही बसने गिरगावकडे निघालो. लालबागच्या मसाल्याचा वास बसच्या खिडकीतून आत आला. पुढे चिंचपोकळीला डॉ. आंबेडकर रस्त्यावर व्होल्टास हाउस लागले. ट्रॅक्टरच्या इतिहासात या नावाला जागा आहे. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. कारखाना कांदिवलीला उभा राहिला आणि त्यांचा ‘बी-२७५’ गावोगाव पोहोचला. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आपल्या शेतातल्या यंत्राचे एक मूळ या मुंबईतच आहे, हे ऐकून भाऊंना नवल वाटले.

गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाउसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे आम्ही विचारत विचारत फिरलो. पिस्टन, लायनर, रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट, हायड्रॉलिकचा पंप, एकेकाचा भाव कागदावर उतरवून घेतला. जुने यंत्र पाहण्यापूर्वी त्याच्या दुरुस्तीचा भाव हातात असावा. मग विकणाऱ्याशी बोलताना आपण नुसते अंदाजाने बोलत नाही. त्या मॉडेलचे भाग सहज मिळतात की नाही, हेही तिथेच कळते.

दीडच्या सुमारास पुन्हा परळ. आता इंजिन थंड होते. सुरू व्हायला बराच वेळ लागला आणि झाले तेव्हा निळसर धूर आला. मामांनी सांगितले, निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर असेल तर डिझेल जास्त जाते आहे किंवा एअर क्लीनर तुंबला आहे. पांढरा धूर सुरुवातीला थोडा येतो, पण तो थांबलाच नाही तर इंजिनात पाणी जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. मग त्यांनी ऑइल भरायचे झाकण काढले. आतून भपकारे येत होते, म्हणजे रिंगा झिजल्या होत्या. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा नव्हता, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंगही नव्हता. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेले नव्हते, एवढे समाधान.

काकू आमच्याबरोबर आल्या होत्या. इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विकणाऱ्याला विचारले, “दादा, हा इथे काय काम करत होता?” उत्तर आले, कॉम्प्रेसरवर होता. सगळा उलगडा त्या एका प्रश्नाने झाला. उसाच्या ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक आणि मागचा आस झिजतो. भातखाचरात चिखलणी केलेल्याच्या चाकांच्या सीलमधून चिखलपाणी आत जाते. चौपाटीवर राबलेल्याला खारी हवा आणि वाळू खाते. आणि कॉम्प्रेसरवरचा ट्रॅक्टर जागेवर उभा राहून दिवसभर इंजिन चालवतो. म्हणून टायर नवे दिसत होते आणि इंजिन थकलेले होते. तासांचे मीटर तर बंदच होते.

पुढची तपासणी हायड्रॉलिकची. मागे वजन लावून लिफ्ट उचलावी, इंजिन बंद करावे आणि वजन खाली सरकते का पाहावे. इथे लिफ्टचे दांडेच काढून टाकलेले होते. कॉम्प्रेसरला त्यांचे काम नव्हते, पण नांगराला लिफ्टवाचून चालत नाही. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले, तर किंग पिनच्या बुशात खेळ होता. गिअर मात्र जागेवर बसत होते. डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहिला, दोन्ही ठीक.

मग आमच्यासारख्या कारकुनाचे काम आले, कागद. चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले, ते जुळले. पण त्याच बुकात कर्जाचा बोजा नोंदलेला होता. कर्ज फिटल्याचे तोंडी सांगून भागत नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणीची पंधरा वर्षे संपली असतील तर नूतनीकरण झाले आहे का तेही पाहावे. विमा तपासावा. ट्रॉली घेत असाल तर तिचे कागद वेगळे मागावेत. हल्ली गाडीचा नंबर घालून यातली बरीच माहिती सरकारी ॲपवर मोबाइलमध्येच पाहता येते.

चहाच्या टपरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. इंजिनचे काम साठ हजार, लिफ्ट आणि पुढच्या आसाचे तीस हजार. म्हणजे दोन लाख दहाचा ट्रॅक्टर तीन लाखांना पडणार. आम्ही सव्वा लाख सांगितले, बोजा उतरल्यावर व्यवहार. विकणारा पावणेदोनच्या खाली येईना आणि इसार आजच मागू लागला. भाऊंचे मन डळमळले. बैल तर गेले होते, मृग तोंडावर होता. काकू एवढेच म्हणाल्या, “बैल गेले ते गेले, पैसे तरी आहेत.” इसार दिला नाही.

या पेरणीला भाऊ गावातला ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने लावणार आहेत. पुढचा विचारही त्याच दिवशी झाला. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी शासनाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. २०१२ सालच्या शासन निर्णयाप्रमाणे ट्रॅक्टर व अवजारांसाठी नव्वद टक्के अनुदान आणि दहा टक्के गटाचा हिस्सा असे तिचे स्वरूप ठरले. गटातले किमान ऐंशी टक्के सदस्य या घटकांतले असावे लागतात. रकमेची मर्यादा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातच चौकशी करावी. माणची जमीन पाहता लहान ट्रॅक्टरने नांगरट किती खोल होईल ही भाऊंची शंका रास्त आहे, आणि ती गटातल्या सर्वांनी मिळून सोडवायची आहे.

भाऊ रात्रीच्या गाडीने परत गेले. ऑपेरा हाउसला उतरवलेला भावांचा कागद त्यांनी घडी घालून सोबत नेला. शेजारच्या गावात आणखी एक ट्रॅक्टर विकायला आहे म्हणे. या वेळी ते पहाटेच, न सांगता जाणार आहेत.