शिडाची कमान, डोलकाठीचा वाक

चातुर्मासात माझ्या गावी, परंड्यात, मंगल कार्यालयं रिकामी असतात. मुंबईच्या समुद्रात तेव्हा पाऊस आणि उधाण. शिडाच्या बोटी किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या. म्हणून आमच्या कॅटामरानचं शीड मी गावी आणतो आणि कार्यालयाच्या फरशीवर पसरतो. एवढं लांब कापड घडी न पडता अंथरायला याहून चांगली जागा नाही.

शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, सरळ कापलेली नसते. वरच्या टोकापासून पुढच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, की कड दोरीच्या बाहेर फुगलेली दिसते. दर मीटरला ते अंतर मोजून वहीत उतरवायचं. ही शिडाची कमान. डोलकाठी ताठ उभी राहिली, तर हे जादा कापड मागे सरकतं आणि शिडाला पोट येतं. काठी कमानीइतकी वाकली, तर तेच कापड पुढे ओढलं जाऊन शीड सपाट होतं. त्याहून जास्त वाकली, की मागच्या खालच्या कोपऱ्यातून काठीच्या मध्याकडे तिरक्या सुरकुत्या धावतात.

ऑक्टोबरात कुलाब्याला वही डोलकाठीपाशी न्यायची. काठी कुशीवर झोपवायची, नाहीतर ती स्वतःच्या वजनाने लवते आणि माप खोटं येतं. शीड जिच्यात बसतं त्या खाचेलगत पुन्हा दोरी ताणायची; दोरी आणि काठी यांच्यातलं अंतर म्हणजे काठीचा वाक. काठीच्या दोन्ही बाजूंना स्प्रेडर, म्हणजे आडव्या दांड्या, असतात आणि त्यांच्या टोकांवरून डायमंड तारा जातात. या तारा आवळल्या की मागे कललेले स्प्रेडर काठीचा मध्य पुढे रेटतात आणि वाक येतो. आधी स्प्रेडरचा कल ठरवावा, तारांच्या ताणाकडे नंतर वळावं, असं माझं ठाम मत आहे.

बोटीच्या पुस्तिकेत छापलेला वाकाचा आकडा नव्या शिडाचा असतो. ऊन आणि खारं पाणी खाल्लेलं कापड ताणतं, त्याचं पोट मागे सरकतं. त्याला तो आकडा लावून काय होणार? बोटीवरच्या दोघांचं वजनही वाक ठरवताना धरावं लागतं. हलक्या जोडीला दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात जास्त वाक हवा, भारदस्त जोडीला कमी चालतो. गेटवे ते घारापुरीच्या लाँचांनी उठवलेल्या लाटा कापताना मात्र शिडात पोट हवंच, सपाट शिडाची बोट तिथे अडखळते. म्हणून मी किनाऱ्यावर तारांनी दिलेला वाक कमानीपेक्षा बराच कमी ठेवतो. वारा चढला की डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) आणि मेनशीट (शीड आत ओढणारी दोरी) ओढून बाकीचा वाक पाण्यावरच आणता येतो. डाउनहॉल ताणताच काठीचं टोक मागे झुकतं, शिडाचा माथा उघडतो आणि जादा वारा सुटून जातो.

यंदा बोट सज्ज करण्याआधी तारांना हात लावू नका. आधी शीड फरशीवर पसरा आणि दोरी ताणा.