अंगणातली माती

पहिल्या बाळंतपणासाठी भिलाईला माहेरी आलेली लेक आता बोईसरला परत निघाली होती. बॅग भरता भरता आईने मनातली काळजी बोलून दाखवलीच. "अगं, तारापूरचं अणुवीज केंद्र तुमच्या घरापासून जवळच ना? उद्या हा रांगायला लागेल, अंगणातली माती तोंडात घालेल. बाधणार नाही ना?"

आईचा सारा संसार पोलाद कारखान्याच्या गावात झाला. दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली धूळ दिसते, म्हणून झटकता येते. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वासही नाही. म्हणूनच त्याचा धसका मोठा.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लेकीने तिला शेजारी बसवले. म्हणाली, "आई, माती मुळातच थोडी किरणोत्सर्गी असते. पोटॅशियम, युरेनियम, थोरियम तुझ्या तुळशीच्या कुंडीतही आहे." शिवाय १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांचे सिझियम-१३७ जगभर पसरले. ते निम्मे व्हायला ३० वर्षे लागतात.

मग केंद्रामुळे काय वाढले, हे ओळखायचे कसे? त्यासाठी आधीची नोंद लागते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, पण परिसराची मोजणी त्याआधीच सुरू झाली होती. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिथली माती, पाणी, दूध, भाजी, मासळी तपासते. माती वाळवून, चाळून गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रात ठेवतात. प्रत्येक द्रव्याच्या किरणांची ऊर्जा वेगळी असल्याने कोणते किती, ते कळते. हाडांत साठणारे स्ट्रॉन्शियम-९० मात्र असे सापडत नाही. ते रसायनांनी वेगळे काढावे लागते.

"निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच," लेक म्हणाली. "केंद्रामुळे लोकांना त्यावर १ पेक्षा जास्त मिळता कामा नये, असा नियम आहे."

आईने सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, "आणि तुमच्या गावच्या मातीत काय निघालं, ते तुम्हाला कोण सांगतं?"

लेक गप्प झाली. इतकी वर्षे तिथे राहून तिने ते कधी विचारलेच नव्हते. मोजमाप कितीही काटेकोर असो, ते त्या मातीवर राहणाऱ्यांना समजेल अशा भाषेत कळले, तरच घरातली भीती कमी होते.

दुर्ग स्टेशनवर गाडी हलली, तशी आई खिडकीशी आली. "पोहोचल्याचं कळव. आणि मातीचं विचारायला विसरू नकोस हं!"