चलनावरची सही

निगडी प्राधिकरण

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू फार तापला होतास, म्हणून मी जास्त बोलले नाही. तुझं म्हणणं असं, की माल दिला, कंपनीनं तो घेतला, वापरला, त्यांच्या परचेसवाल्यानं व्हॉट्सॲपवर ‘पेमेंट पुढच्या आठवड्यात’ असं लिहिलं, सगळं मोबाइलमध्ये आहे. तरी त्यांचे वकील उठून ‘ही कागदपत्रं आम्हाला मान्य नाहीत, वादीनं सिद्ध करावीत’ म्हणतात आणि न्यायाधीश ते नोंदवून घेतात, हा कुठला न्याय? तुझा प्रश्न रास्त आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत ज्याच्याकडे दोन मशिनं आणि एक थकलेलं बिल आहे, तो प्रत्येक जण मला हेच विचारतो. त्याचं उत्तर फोनवर धड देता येत नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे. दावा तुझे वकीलच चालवतील, त्यात मी लुडबूड करणार नाही. पण साक्षीला तू उभा राहणार आहेस, तेव्हा पुरावा म्हणजे काय हे तुला मनापासून पटलेलं असावं असं मला वाटतं.

तू खरं बोलतोस हे मला माहीत आहे, कारण मी तुला जन्मल्यापासून ओळखते. न्यायाधीश तुला ओळखत नाहीत, आणि ओळखत असते तर त्यांनी हा दावा ऐकायलाच नको होता. त्यांच्यापुढे दोन माणसं शपथेवर दोन उलट गोष्टी सांगणार. तू म्हणणार माल दिला, कंपनी म्हणणार माल रिजेक्ट झाला. यातलं कुठलं खरं, ते त्यांनी फाइलीत आलेल्या पुराव्यावरूनच ठरवायचं. म्हणून फाइलीत काय येऊ द्यायचं, ते कुणी सांगायचं आणि समोरच्याला ते तपासायची संधी कशी द्यायची, याचे नियम लागतात. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिलेला १८७२ चा पुरावा कायदा दीडशे वर्षं चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, कणा तोच राहिला.

पहिला नियम साधा आहे. जो म्हणतो, त्यानं सिद्ध करायचं. पैसे येणं आहेत असं तू म्हणतोस, म्हणून सुरुवात तू करायची. तुझ्या हातात त्यांचा चेक असता आणि तो वटला नसता, तर गोष्ट वेगळी होती. तिथं चेक देणं लागत असल्यामुळेच दिला, असं कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढायची जबाबदारी चेक देणाऱ्यावर टाकतो. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते न दिल्यास पुढच्या महिनाभरात तक्रार, एवढं मात्र पाळावं लागतं. तुझ्याकडे चेक नाही. तुझ्याकडे परचेस ऑर्डर आहे, बिलं आहेत आणि चलनं आहेत.

तू फोटो पाठवलास ते चलन मी मोठं करून नीट पाहिलं. कडेला गेटचा तिरका शिक्का. शिक्क्यात इनवर्ड नंबर, तारीख आणि वेळ बॉलपेननं भरलेली. खाली गाडीचा नंबर. आणि एक सही, जिचं एकही अक्षर लागत नाही. नाव नाही, हुद्दा नाही. तुझ्या सगळ्या दाव्याचा भार या सहीवर आहे. उद्या उलटतपासणीत तुला विचारतील, ‘ही सही कुणाची? तुमच्यासमोर झाली का?’ त्या वेळी तू भोसरीत शेडमध्ये होतास. तू म्हणशील, ‘ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, माल उतरवला.’ इथंच ते तुला थांबवतील, आणि त्यांचं बरोबर असेल. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो. जे पाहिलं ते पाहणाऱ्यानं सांगायचं, जे ऐकलं ते ऐकणाऱ्यानं. माल उतरवताना पाहिला तो ड्रायव्हरनं, शिक्का त्याच्यापुढे बसला, चलनाची प्रत त्याच्या हातात परत आली. म्हणून साक्षीला तो हवा. ज्या सिक्युरिटी गार्डनं सही केली तो ठेकेदाराचा माणूस होता आणि आता गावी गेला म्हणतोस. मग ड्रायव्हरचं मोल आणखीच वाढलं.

चलनाची दुसरी बाजू कंपनीच्या ताब्यात आहे. गेटवरचं इनवर्ड रजिस्टर, स्टोअरची जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, क्वालिटीचा रिपोर्ट. हे कागद हजर करा, अशी नोटीस तुझे वकील त्यांना देऊ शकतात. ताब्यातला कागद लपवला, तर तो आला असता तर लपवणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असं अनुमान कोर्टाला काढता येतं. शिवाय तुझ्या बिलावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट त्यांनी घेतलं आहे का, ते तपासायला लाव. माल मिळालाच नाही किंवा परत पाठवला म्हणायचं आणि त्याच बिलाचं क्रेडिटही घ्यायचं, हे कोर्टात फार वेळ टिकत नाही.

टॅलीतल्या लेजरवर मात्र भिस्त ठेवू नकोस. रोजच्या रोज ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंद कायद्याला चालते, पण केवळ तेवढ्यावर कुणाच्या अंगावर देणं बसवता येत नाही. का ते बघ. उद्या एखाद्यानं आपल्या संगणकात तुझ्या नावावर ५ लाख लिहिले, तर तू काय करशील? तुझ्या नोंदीला बांध घालणारा नियम त्याच्या नोंदीलाही घालतो.

आता मोबाइल. इथं तुला जालन्याची गोष्ट सांगायलाच हवी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथं अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतं जास्त मिळवून निवडून आले. गोरंट्याल हायकोर्टात गेले. म्हणणं असं, की उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी ३ वाजता संपत होती आणि खोतकरांचा अर्ज त्यानंतर दाखल झाला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण होतं. पण कोर्टात आल्या त्याच्या सीडी, आणि सीडी ही नक्कल. अशा नकलेसोबत कायद्यानं एक प्रमाणपत्र मागितलं आहे. नक्कल कुठल्या यंत्रावरून, कशी काढली आणि यंत्र नीट चालत होतं की नाही, हे त्यात जबाबदार माणसानं लिहून द्यायचं असतं. अर्जदारांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीवर भागवून घेतलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाचा निकाल १४ जुलै २०२० ला आला. न्यायमूर्ती नरीमन यांच्या पीठानं सांगितलं, की तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, ते बंधनकारकच आहे. मूळ यंत्र घेऊन मालकच साक्षीला उभा राहिला, तर ते लागत नाही. आणि ज्यानं ते मिळवायला शक्य ते सगळं केलं, तरी परक्याच्या ताब्यातलं म्हणून ते मिळालं नाही, त्याला त्यातून सूट मिळते, कारण अशक्य ते करायला कायदा कुणाला भाग पाडत नाही. खोतकरांची अपिलं फेटाळली गेली.

या निकालात तुझ्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, तो मोबाइल जप. एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस, रिसेट करू नकोस, चॅटमधलं काही पुसू नकोस, तुझ्या विरुद्ध जाणारं असलं तरी. निवडक स्क्रीनशॉट पाहिला की मागचंपुढचं काय दडवलं, ही शंका येणारच. दुसरी, मागायचं ते लेखी आणि वेळेवर माग. जालन्यातल्या अर्जदारांना सूट मिळाली, कारण त्यांनी प्रमाणपत्र मागितल्याचं त्यांना दाखवता आलं. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. एक भाग रेकॉर्ड हजर करणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि फाइलची हॅशही त्यात लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली आकड्या-अक्षरांची ओळ. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती ओळ बदलते. हे सगळं रेकॉर्ड दाखल करतानाच जोडायचं असतं, म्हणून वकिलांना आजच विचार.

हे नियम जाचक वाटत असतील, तर पुण्याचा शरद बिरधीचंद सारडा खटला आठव. १९८२ मध्ये एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली, नवऱ्याला सेशन्स कोर्टानं फाशी सुनावली आणि हायकोर्टानं ती कायम केली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असावी याच्या पाच कसोट्या त्या निकालात आहेत, आणि देशभरातली कोर्टं आजही त्याच लावतात. संशय कितीही दाट असो, तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. मृत मुलीच्या माहेरच्यांना तो निकाल किती जड गेला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तरीही ज्या देशात फाशी आहे, तिथं कोर्टानं याहून सैल राहू नये, असं मी ठामपणे म्हणते.

इतक्या लांबही जायला नको. कारखान्यात तांब्याची वायर कमी भरली की पहिला संशय कंत्राटी पोरांवर येतो. बीडहून, लातूरहून, बिहारहून आलेला, चाकणला खोली करून राहणारा विशीतला मुलगा पोलीस ठाण्यात नेला आणि त्यानं तिथं ‘मीच घेतली’ म्हटलं, तरी तो कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. फार तर त्यानं सांगितल्यामुळे माल सापडला, तर तेवढ्यापुरतं बोलणं पुराव्यात येतं. त्या मुलाच्या पाठीशी ना पैसा, ना ओळख. त्याच्या पाठीशी हा एक नियम आहे. तुला आज अडवणारा आणि त्याला वाचवणारा कायदा एकच आहे. माझ्यापुरता सैल, दुसऱ्यापुरता घट्ट, असा तो ठेवता येत नाही.

आता तुझ्या साक्षीचं. सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. ते बहुतेक इंग्रजीत लिहिलेलं असेल. वकिलांकडून वाक्यन् वाक्य मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नकोस, कारण उलटतपासणी त्यातल्याच शब्दांवर होते. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. तारीख चलनावर असेल, तर चलन पाहू द्या म्हणून विनंती कर. एका लॉटमधले काही पीस खरंच परत आले होते असं तू मला सांगितलंस. ते लपवू नकोस. त्यांचे वकील ते काढणारच, आणि एक गोष्ट दडवलेली दिसली की बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा एवढे पीस परत आले, एवढे बदलून दिले, बाकीच्यांबद्दल लेखी तक्रार कधीच आली नाही, हे तूच सांग. तुझी उद्यम नोंदणी तेव्हा झालेली होती ना? मग माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात धरलं जातं. रिजेक्ट मालाचे पैसे कापायला त्यांनी काढलेली डेबिट नोट कुठल्या तारखेची आहे ते बघ. ती तुझ्या वकिलाच्या नोटिशीनंतरची निघाली, तर तुझं निम्मं काम ती तारीखच करील.

आणि हा दावा कसाही लागो, शेडमधली पद्धत मात्र उद्यापासून बदल. गेटवर सहीखाली नाव आणि हुद्दा लिहून मागायला ड्रायव्हरला सांग. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलनं कळव. वर्षअखेरीला बाकी मान्य असल्याचं पत्र सहीनिशी घे. मुदत संपण्याआधी मिळालेल्या अशा पत्रापासून दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्यानं मोजली जाते. मोठ्या कंपनीपुढे लहान व्हेंडर नाव लिहा म्हणायला कचरतो, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. ती भीती मला समजते. पण दोघांमधली तफावत भरून काढायला तुझ्यासारख्याकडे कागदाशिवाय दुसरं काही नाही, आणि तो कागद कोर्टात तयार करता येत नाही. माल गेटमधून आत जातो त्या क्षणीच तो तयार व्हावा लागतो.

शनिवारी फाइल घेऊन ये, ओरिजिनल चलनांसकट. ड्रायव्हरलाही आण. पण येताना गाडीत त्याला काय बोलायचं ते पढवू नकोस. त्यानं गेटवर जे पाहिलं, तेवढंच त्याच्या शब्दांत त्याला सांगू दे. तेवढं पुरेल की नाही ते कोर्ट ठरवील. त्यात आपण भर घातली, तर तक्रार करायचा आपला हक्क गेला.

तुझी,
ताई