अब्बांचे कटर

लाकूड कापायचे कटर घरात ठेवणे म्हणजे तापट माणूस सांभाळण्यासारखे, असे अम्मीचे मत आहे. माझे मत निराळे. कटर तापट नसते. ते दगा देण्याआधी बहुतेक वेळा सांगते. आवाज बदलतो, कापलेली कड काळी पडते, फळी ढकलताना हाताला जड लागते. ऐकणारे कोणी हवे.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खेड्यात. मागच्या पडवीत हे कटर आहे. अँगलच्या चौकटीवर बिडाचा सपाट तक्ता, मधोमध फट, फटीतून डोकावणारे बारा इंची पाते, खाली दोन हॉर्सपॉवरची मोटर आणि दोघांना जोडणारा पट्टा. मोटर मिनिटाला सुमारे 2880 फेरे घेते. दोन्ही पुल्या सारख्या असल्यामुळे पातेही तेवढेच फिरते. मी एकदा हिशेब केला, तेव्हा पात्याच्या दाताचा वेग ताशी 165 किलोमीटर निघाला. शाळेत परीघ शिकवताना मी हेच उदाहरण देते. पेंगणारी मुले जागी होतात.

अब्बा हे काम मुंबईच्या एका कारखान्यात शिकले. डाव्या तर्जनीचे टोक तिथेच ठेवून गावी परतले आणि पुढची तीस वर्षे या कटरवर दारे, खिडक्या, पाळणे, मशिदीतल्या रेहली करत राहिले. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे हदीसमध्ये आल्याचे ते येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगतात. आता ते सत्तरीला आले आहेत. पंधरा वर्षांच्या साखरेने आधी पावले बधिर केली, मग बोटांची टोके. चहा गरम आहे की गार, हे त्यांना कप ओठाला लावल्यावर कळते.

अशा हातांनी कटरपाशी उभे राहू नये, हे डॉक्टरांनी सांगण्याची गरजच नव्हती. भाई कुवेतहून फोनवर एकच म्हणतो, "भंगारात घाल." अम्मी त्याच्या बाजूची. मला ते पटत नाही. ज्या मशीनवर आमच्या फीचे पैसे निघाले, माझे बी.एड. झाले, ते माणसाच्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढवायचे आणि त्याला खाटेवर बसवून ठेवायचे, ही काळजी मला समजत नाही. मी तोड काढली. कटर राहील, पण पात्यापुढे मी उभी राहीन. साफसफाई, दुरुस्ती माझी. अब्बांनी बाजूला खुर्चीवर बसून सांगायचे. लहानपणापासून फळीचे दुसरे टोक धरायला मीच असे, त्यामुळे काम अनोळखी नव्हते. शेजारच्या खालाजान म्हणाल्या, "मास्तरीण बाई आणि करवत?" त्यांचे कपाट त्याच आठवड्यात दुरुस्त करून दिले.

कटरपाशी जाताना ओढणी काढून ठेवते. डोक्याला रुमाल, तोही टोके आत खोवून. बांगड्या नाहीत, बाह्या मनगटाशी घट्ट. हातमोजे तर मुळीच नाहीत. मोज्याचा धागा दातात अडकला की पाठोपाठ हात ओढला जातो. पाते बदलायचे किंवा साफ करायचे तर आधी भिंतीतला प्लग उपटून खिशात. बटण बंद करणे पुरेसे मानणारे लोक मला धाडसी नव्हे, बेफिकीर वाटतात.

आता मुख्य गोष्ट. कटरवर माणूस पात्याला हात लागून जखमी होतो, एवढेच लोकांना माहीत असते. पण पुष्कळदा आधी फळी उसळते आणि मग हात जातो. पात्याच्या उजवीकडे फळीला टेकण देणारी लांब पट्टी असते, तिला आम्ही गाईड म्हणतो. गाईड आणि पाते समांतर हवेत. गाईड मागच्या बाजूला पात्याकडे केसभर झुकले, तर फळी दोघांत चिमटते. पात्याच्या मागचे दात खालून वर येत असतात. ते चिमटलेली फळी उचलतात आणि समोरच्या माणसाच्या अंगावर फेकतात. म्हणून मी फळीच्या रेषेत उभी राहत नाही, किंचित डावीकडे राहते.

हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. पात्याच्या एका दाताला खडूने खूण करायची. तो दात पुढे आणून गाईडपासूनचे अंतर मोजायचे. मग हाताने पाते फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचे. दात तोच हवा, नाहीतर पाते जरा वाकडे असल्यास माप फसवते. फरक पोस्टकार्डाच्या जाडीहून जास्त असेल, तर बोल्ट ढिले करून गाईड सरळ करायचे. मागे अंतर किंचित जास्त असले तर चालते, कमी मात्र नको.

पात्याच्या मागे एक पातळ उभी लोखंडी पट्टी असते. चिरलेली फळी पुन्हा मिटून पात्याला आवळू नये म्हणून ती असते. आमच्या भागात ती "मध्ये येते" म्हणून काढून फेकतात. अब्बांनीही काढली होती. मी ती पोटमाळ्यावरून शोधून आणली, गंज उतरवला आणि बसवली. अब्बा दोन दिवस कुरकुरले. असो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वीज परतायला कित्येक दिवस लागले. ती आल्यावर लोक पडलेल्या छपरांचे वासे आणि रिपा घेऊन आमच्या दारात आले. जुने लाकूड सोन्यासारखे, पण पोटात खिळे. पात्याच्या टोकांना झाळलेले कार्बाइडचे दात कठीण असतात आणि म्हणूनच ठिसूळ. एक खिळा लागला की दात उडतो आणि तो गोळीसारखा जातो. तेव्हा अब्बा प्रत्येक वाशावरून लोहचुंबक फिरवत आणि खिळा सापडला की खडूने गोल काढत. बोटे बधिर असली तरी हे काम त्यांच्याहून चांगले कोणी केले नसते.

पावसाळा हा कटरचा खरा शत्रू. खाऱ्या दमट हवेत बिडाचा तक्ता एका रात्रीत तांबूस होतो. मग बारीक पॉलिश पेपर आणि रॉकेल, नंतर कोरड्या फडक्याने पुसून मेणबत्ती घासायची. तेल लावू नये. ते लाकडाला लागते आणि पुढे पॉलिश धरत नाही. पात्यावर चीक साचला की धार गेल्यासारखे वाटते आणि लोक धारवाल्याकडे धावतात. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पाते भिजवावे, जुन्या टूथब्रशने घासावे, लगेच कोरडे करावे. निम्म्या वेळा धार तिथेच सापडते.

मोटर नुसती घुमते, फिरत नाही, तेव्हा तत्काळ बंद करावी, नाहीतर गुंडाळी जळते. मी पट्टा काढून पाते हाताने फिरवून बघते. पाते मोकळे फिरले तर बेरिंग ठीक, दोष बहुधा कंडेन्सरचा किंवा भुशाने चोंदलेल्या आतल्या स्विचचा. कंडेन्सर वीज बंद केल्यावरही झटका देतो, म्हणून ते काम वायरमनवर सोडते. कधी दोष कशातच नसतो. आमच्याकडे संध्याकाळी दाब 230 चा 180 वर येतो. दाब तेवढा उतरला की मोटरचा जोर जवळजवळ चाळीस टक्के घटतो. म्हणून जाड लाकूड मी रविवारी सकाळी कापते.

भाईने अलीकडे एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतले कटर, माणसाची कातडी लागताच काही हजारांश सेकंदांत पाते थांबते. पात्यातून वाहणारा बारीक विद्युत संकेत कातडीच्या स्पर्शाने बदलतो, त्यावर ते चालते. अब्बांनी तो तीनदा पाहिला आणि डाव्या हाताची मूठ मिटून घेतली. काही बोलले नाहीत. भाई रमजानमध्ये येणार आहे. टेम्पोची गोष्ट पुन्हा निघेल, हे अम्मीच्या तोंडावरून कळते.

गेल्या रविवारी शाळेच्या बाकांसाठी फणसाच्या फळ्या चिरत होते. पहिली फळी अब्बांकडे दिली. त्यांनी बोटे लावली नाहीत. मनगटाची आतली बाजू कापलेल्या कडेवरून सावकाश फिरवली, तिथे त्यांना अजून कळते.

"मागून घासतंय," ते म्हणाले. "गाईड बघ."

मी प्लग काढला आणि खडू घेतला. मागच्या बाजूला पोस्टकार्ड आत जात नव्हते.