रोल हातातच ठेवा!

दिवाळी सरली की आमच्या सिंदेवाहीकडे धानाची कापणी, गावोगावच्या मंडया आणि रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटकं, सगळं एकदमच येतं. माहेर चंद्रपूर जिल्ह्यात आणि संसार लंडनला, अशी माझी तऱ्हा! दर खेपेला बाबांचा जुना रोलचा कॅमेरा बरोबर असतोच. मोबाईल असताना हा उपद्व्याप कशाला, असं मुलं म्हणतात. पण त्या फोटोंची गोडी काही निराळीच!

मागच्या खेपेला मात्र मी चूक केली. धक्का लागू नये म्हणून तिन्ही रोल मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवले. धुऊन आले तेव्हा सगळ्यांवर राखाडी पट्टे! बांधीत उभी असलेली काकू ओळखूसुद्धा येईना. तोवर काकूही गेली होती. ते फोटो पुन्हा कुठून आणू?

मैत्रिणींनो, कारण साधं आहे. क्ष-किरणांचा ठसा फिल्मवर उमटतोच. १८९५ साली राँटगेननं आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र काढलं, बोटातल्या अंगठीसकट, ते याच गुणामुळे. मोठ्या बॅगा तपासणारी यंत्रं फार जोरकस असतात, म्हणून त्यांत रोल कधीच ठेवू नये. हातातल्या सामानाच्या साध्या यंत्रातून शंभर, दोनशे किंवा चारशे आयएसओचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा बिघडत नाही. पण परिणाम साठत जातो. आठशे किंवा त्याहून वेगवान रोलला जास्त जपावं. परदेशी कित्येक विमानतळांवर हातातल्या सामानालाही सीटी स्कॅनर आले आहेत. त्यातून कुठलाच न धुतलेला रोल जाऊ देऊ नये. शिशाच्या पिशवीवरही विसंबू नका. पडद्यावर नुसता काळा ठिपका दिसतो आणि बॅग पुन्हा तपासली जाते.

यंदा निघताना खळ्यावर बसलेल्या आईचे फोटो काढले. ऐंशी वर्षांची आई म्हणाली, "सांभाळून नेजो बाई, मी काही घडीघडी फोटू काढत नाही!" नागभीड, उमरेड करत एस.टी.नं नागपूर गाठलं. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत घातले होते. विमानतळावर लवकर पोचून हातानं तपासायची विनंती केली. तपासणीच्या बाईंनी एकेक रोल उलटासुलटा पाहिला, हसल्या आणि परत दिला. अर्थात, ही मर्जीची गोष्ट. नाही म्हटलं तर हुज्जत घालू नये.

त्याहून निर्धास्त उपाय म्हणजे निघण्याआधीच रोल धुऊन घ्यावेत. मुंबई-पुण्याला अजूनही ते काम होतं. एकदा धुतलेल्या निगेटिव्हला क्ष-किरणांची भीती नाही.

आईचा फोटो आता स्वयंपाकघरात लावलाय. मागं धानाची रास, आणि आई नेहमीसारखी जराशी रागावलेली. शेजारी काकूच्या फोटोची जागा मात्र रिकामीच आहे.